साठवणीच्या स्वयंपाकाची कैफियत

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी, रस्ते तुंबलेले असताना आणि मंडईपर्यंत जाऊन येण्याचे त्राण कोणातही उरलेले नसताना, शहरांतील असंख्य घरांतून जे वाक्य हमखास उच्चारले जाते ते ‘घरात काही नाही’ हे होय. ज्या घरात ते उच्चारले जाते त्या घराच्या फडताळाची झडती घेतली, तर तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, मटकी, हरभरे, डाळीचे पीठ, रवा, पोहे, शेंगदाणे, चिंच, आमसुले, गूळ, सुके खोबरे, गोडा मसाला, लोणच्याची बरणी, पापडांची चवड आणि, घराने कोकणाशी नाते राखलेले असल्यास, डब्याच्या तळाशी जपून ठेवलेले मूठभर सोडे एवढा ऐवज सहज हाती लागतो. आणि चार माणसांच्या कुटुंबास कित्येक दिवस चवीने जेवू घालण्यास तो पुरून उरतो. नसते ती फक्त हिरवी भाजी. परंतु त्या एका जिनसेच्या अभावाला सर्वस्वाचा अभाव समजून आपण मोबाइलवरून बाहेरचे जेवण मागवितो, आणि एक संपूर्ण पाकविद्या आपल्या हातून गहाळ होत चालली आहे याची खंत कोणास वाटत नाही. मला ती वाटते. म्हणून या साठवणीच्या स्वयंपाकाची कैफियत वाचकांच्या दरबारी दाखल करीत आहे.

माझे म्हणणे असे की, साठवणीच्या जिनसांतून रांधलेल्या जेवणाला आपण वेळ मारून नेण्याची तजवीज समजतो हा त्याच्यावरचा अन्याय आहे. वाळविलेल्या, खारविलेल्या, भाजून दळलेल्या अथवा डब्यात बंद केलेल्या पदार्थाला स्वतःचा स्वाद आणि स्वतःचे नियम असतात. ते नियम पाळून रांधणाऱ्याला जी चव साधते ती ताज्या पदार्थांतून, कितीही खर्च केला तरी, मिळत नाही. किंबहुना ज्याला आपण अभिमानाने मराठी चव म्हणतो तिचा पाया शोधू गेल्यास तो कोठीतच सापडतो. घाटमाथ्यावर नारळ होत नाही. तेथे किनाऱ्याकडून आलेले खोबरे तव्यावर काळसर भाजून, त्यात धने, तीळ, दगडफूल, लवंग मिसळून जो मसाला कुटला गेला त्याच्या बळावर देशावरची आमटी उभी आहे. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात एकदा करून ठेवला जातो आणि वर्षभर पुरतो. आमसुलाचा आंबटपणा, गुळाची गोडी, हिंगाचा दरवळ, मेतकुटाचा खमंगपणा, यांतील एकही गोष्ट बागेतून तोडून थेट पातेल्यात पडत नाही. या सर्वांना वगळून मराठी जेवण रांधण्याचा प्रयत्न कोणी करून पाहावा, म्हणजे कोठीचे ऋण किती मोठे आहे हे त्याच्या जिभेलाच समजेल.

या ऋणाला इतिहासाचाही आधार आहे. चार महिने धो धो कोसळणारा आणि उरलेल्या आठ महिन्यांत पाठ फिरविणारा पाऊस ज्या मुलखाच्या वाट्याला आला, त्या मुलखात बेगमी हा शहाणपणाचा पहिला धडा असणे स्वाभाविकच होते. चिपळूणच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा आणि वैरण मन मानेल तशी उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग रयतेस उपद्रव सुरू होईल, आणि रात्री जळती ठेवलेली वात उंदराने पळविली तर गवताच्या गंजी भस्मसात होतील, इतक्या बारकाव्याने त्यात ताकीद दिलेली आहे. राज्य चालविणाऱ्या माणसाने उंदीर आणि वात यांचा विचार करावा हे मला फार मोलाचे वाटते, कारण साठवणीचे सारे मर्म अशा लहान गोष्टींच्या दक्षतेत आहे. पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या प्रचंड कोठ्या जी दृष्टी सांगतात, तीच दृष्टी साध्या घरातील पेव, कणगी, बळद आणि मडक्यांची उतरंड यांत होती. फरक होता तो प्रमाणाचा. कोकणात मे महिन्यात आगोटीची खरेदी होई आणि अजूनही काही घरांत होते. गोव्यात तिला पुरमेंत म्हणतात, आणि मडगावच्या पुरमेंताच्या फेस्तात आजही सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, चिंच यांचे ढीग लागतात. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची मनाई असते. या काळात कोळीवाड्यांत आणि कोळीवाड्यांच्या आधाराने जेवणाऱ्या घरांत जे शिजते ते उन्हाळ्यात वाळविलेले असते. बोंबलासारखा पाणीदार मासा बांबूच्या मांडवांवर, दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून, वर्सोव्यापासून सातपाटीपर्यंत ओळीने टांगलेला ज्यांनी पाहिला असेल त्यांना निराळे सांगणे नको.

साठवणीविरुद्ध जो पूर्वग्रह आहे तो बहुधा या समजुतीतून येतो की, वाळविलेला पदार्थ म्हणजे ताज्या पदार्थाचे निष्प्राण अवशेष. वस्तुस्थिती निराळी आहे. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्मजंतूंना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. शास्त्रज्ञ ते एका मापाने मोजतात, ज्यात शुद्ध पाण्याला 1 धरतात, आणि हे माप 0.6 च्या खाली उतरले म्हणजे कोणत्याही जंतूची वाढ होत नाही. ऊन ते पाणी उडवून लावते, मीठ आणि साखर ते बांधून ठेवतात, तेलाचा थर हवा अडवितो, आंबटपणा जंतूंना तग धरू देत नाही. वाळवण, खारवण, मोरंबा, लोणचे या साऱ्या क्रिया, त्यांची कारणमीमांसा ठाऊक नसतानाही, आपल्या आज्यांनी बिनचूक केल्या. परंतु पाणी गेल्याने केवळ टिकाऊपणा येतो असे नाही. पाण्याबरोबर पदार्थाचा पातळ, अस्पष्ट भाग जातो आणि त्याच्या स्वादाचे सार आवळून येते. ताज्या कोलंबीची चव सौम्य व गोडसर असते, आणि त्याच कोलंबीचे सोडे झाले की दहा माणसांच्या भाताला दरवळ देण्यास ते ओंजळभर पुरतात.

म्हणून साठवणीचा स्वयंपाक करणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: साठविताना पदार्थाकडून जे घेतले गेले ते त्याला मापाने परत द्यावयाचे असते. पाणी घेतले असेल तर ते भिजवून द्यावे, पण सावकाश. मार्दव गेले असेल तर स्निग्धतेने भरून काढावे. मीठ अधिक झाले असेल तर आंबट-गोडाने तोलावे. आणि वरचा नाजूक गंध उडून गेलेला असतो, त्याची जागा अगदी शेवटी पडलेल्या फोडणीने, कुस्करलेल्या लसणीने किंवा असलीच तर चिमूटभर कोथिंबिरीने घ्यावी. हे देणे ज्याने बरोबर चुकते केले त्याच्या पानात साठवणीचा पदार्थ नव्याने जिवंत होतो. ज्याने चुकते केले नाही त्याला कोरडी, खारट, वातड भाजी मिळते, आणि तो दोष साठवणीला देतो.

कुळथाच्या पिठल्याचेच उदाहरण घेऊ. कुळीथ हे गरिबाचे, खडकाळ जमिनीचे धान्य. भाजून, भरडून, टरफले पाखडून त्याचे पीठ केले म्हणजे ते डब्यात महिनोन्‌महिने राहते. लोखंडी कढईत तेल तापवून त्यात मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण आणि सुकी लाल मिरची तडतडू द्यावी, लसूण तांबूस होताच पाणी ओतून त्यात दोन-तीन आमसुले आणि मीठ टाकावे; पाण्याला उकळी येईपर्यंत पीठ थंड पाण्यात एकजीव कालवून घ्यावे, म्हणजे गाठी होत नाहीत; आणि मग ते बारीक धारेने सोडीत ढवळावे. खरी गोष्ट यापुढे आहे. पिठले दाट झाले की पुष्कळ जण आच बंद करतात, आणि कुळथाचा कच्चट, मातकट वास तसाच राहतो. मंद आचेवर झाकण ठेवून आणखी दहा-बारा मिनिटे ते खदखदू दिले, की तो वास खमंगपणात रूपांतरित होतो, कडांवर तेलाची झिलई दिसू लागते आणि आमसुलाचा आंबटपणा पिठाच्या अंगात मुरतो. गरम भात, त्यावर हे पिठले, बाजूला भाजलेला पोह्याचा पापड आणि लोणच्याच्या खाराचे एक बोट: यात मंडईतून आणावी लागणारी एकही जिन्नस नाही, लसूण तेवढी टोपलीतली, आणि या जेवणापुढे पंचपक्वान्नांचे ताट ठेवले तरी माझा हात आधी कोठे जाईल याविषयी मला शंका नाही.

कडधान्यांची गोष्ट याहून विस्मयकारक आहे. मटकीचा दाणा महिनोन्‌महिने बरणीत निद्रिस्त पडून असतो. त्याला एक रात्र पाणी आणि एक दिवस ओल्या फडक्याची ऊब मिळाली की त्याला मोड येतो, आणि कोरड्या दाण्यात जे क जीवनसत्त्व नावापुरते होते ते त्यात निर्माण होते. फडताळातून ताजी भाजी उगवते असे म्हणणे येथे अक्षरशः खरे आहे. वालाचे बिरडे, काळ्या वाटाण्यांचे सांबार, मुगाची उसळ हे सारे याच कुळातील. यांत एक नियम मात्र अवश्य पाळावा, कारण तो मोडल्यामुळे अनेक चांगल्या उसळी वाया जातात: चिंच, आमसूल, टोमॅटो यांतील कोणताही आंबट जिन्नस दाणा पुरता मऊ झाल्यावाचून घालू नये. आंबटपणामुळे दाण्याचे कवच लवकर मऊ पडत नाही, आणि मग कितीही शिजविले तरी दाणा दाताखाली टणटणतो. जुने झालेले कडधान्य, विशेषतः दमट आणि गरम जागी पडलेले, मुळातच हट्टी होते. ते अधिक वेळ भिजवावे, आणि तरीही शिजेना तर दोष स्वयंपाक करणाऱ्याकडे नसून कोठीच्या व्यवस्थेकडे आहे असे समजावे.

वाळवणाचे पदार्थ तळून तोंडी लावणे एवढाच त्यांचा उपयोग बहुतेकांना ठाऊक आहे. तळलेली कुरडई पानाची शोभा आहे हे निर्विवाद. परंतु गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून, शिजवून आणि सोऱ्यातून पाडून उन्हात वाळविण्याचा जो उपद्व्याप त्या कुरडईमागे आहे तो केवळ दोन घासांच्या कुरकुरीतपणासाठी केला गेला असे मानणे बरोबर नाही. कुरडई पाण्यात भिजवून मऊ झाल्यावर कांदा, मिरची आणि हळदीच्या फोडणीवर परतली म्हणजे तिची मऊ, लुसलुशीत भाजी होते. डाळीचे सांडगे तेलात तांबूस तळून मसाल्याच्या रश्शात उकळले की ते रस्सा पिऊन फुगतात आणि भाकरीला साजेसे कालवण तयार होते. विदर्भ-मराठवाड्याकडे हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवितात आणि वैशाखाच्या वणव्यात, रानात हिरवे पानही दिसत नसताना, डाळीचे पीठ लावून त्याची भाजी करतात. तिचा आंबूस, किंचित तुरट स्वाद ज्याने एकदा घेतला त्याला उन्हाळ्यात तिची आठवण आल्यावाचून राहत नाही. मराठवाड्यातील येसर हा तर दूरदृष्टीचा नमुनाच म्हटला पाहिजे: धान्ये, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळून ठेवायचे, आणि पाहुणा दारात उभा राहिला की उकळत्या पाण्यात ते पीठ कालवून त्याच्या हातात वाटीभर आमटी ठेवायची. आज ज्या तयार मिश्रणांची जाहिरात चालते त्यांचा पूर्वज आपल्या घरात नांदत होता आणि त्यात अनोळखी नावाचा एकही घटक नव्हता.

सुक्या मासळीविषयी लिहिताना मला विशेष कळकळ वाटते, कारण तिला शहरात वासाच्या नावाखाली जवळजवळ हद्दपार करण्यात आले आहे. घाटावरच्या आठवड्याच्या बाजारात सुकट आणि बोंबील पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले. समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्याच्या भाकरीला त्यांनी चव दिली. सुका बोंबील कापून कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजावा, लसूण, लाल मिरची आणि सुके खोबरे यांच्याबरोबर पाट्यावर रगडावा, म्हणजे जी चटणी होते तिच्यापुढे महागड्या उपाहारगृहातील पदार्थ फिके पडतात. सोड्यांची खिचडी करताना सोडे आधी निवडून, धुऊन, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावे, आणि ते पाणी फेकून देऊ नये; तळाशी बसलेली रेती सोडून वरचे पाणी भातात घालावे, कारण अर्धा स्वाद त्यात उतरलेला असतो. कांदा चांगला तांबडा होईपर्यंत परतावा, मग सोडे, मग तांदूळ. या खिचडीस बटाट्याखेरीज काही लागत नाही.

आणि ज्यांना हे सारे मांसाहाराकडे झुकलेले वाटेल त्यांनी आपल्याच एकादशीकडे पाहावे. वरीचे तांदूळ, शेंगदाण्यांची आमसूल-गूळ घातलेली आमटी, साबुदाण्याच्या तळलेल्या पापड्या, वर तूप-जिऱ्याची फोडणी. व्रताच्या दिवशी आपण संपूर्णतः कोठीतून जेवतो, आणि त्या जेवणाची वाट पाहतो. जे एकादशीला रुचते ते द्वादशीला ‘काही नाही’ कसे ठरते?

आता डब्यांकडे वळू. डबाबंद अन्नाचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. फ्रेंच मिठाईवाला निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत सिद्ध केली आणि 1810 मध्ये फ्रेंच सरकारने तिच्यासाठी त्याला 12,000 फ्रँकांचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. उष्णतेने अन्न का टिकते याचा उलगडा लुई पाश्चरने करण्यास अजून अर्धशतक लागावयाचे होते. म्हणजे येथेही कृती आधी आली आणि शास्त्र मागाहून. आपल्याकडे या विद्येला 1950 मध्ये म्हैसूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शास्त्रीय अधिष्ठान दिले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या घरांत तिचा सर्वांत परिचित अवतार म्हणजे आमरसाचा डबा. पेटीत भरण्याजोगा नसलेला, आकाराने लहान किंवा डागाळलेला हापूस हंगामाच्या अखेरीस ‘कॅनिंगला’ जातो, आणि श्रावणात किंवा दिवाळीत, अथवा लंडन व न्यू जर्सी येथील मराठी घरात, त्याचा डबा फुटतो तेव्हा त्यातून वैशाख बाहेर येतो. तो ताज्या आंब्याची बरोबरी करीत नाही. पण त्याला वेलची-साखरेत बुडवून टाकण्याऐवजी चिमूटभर मीठ आणि थोडा लिंबाचा रस दिला, तर उष्णतेने जो उठाव गेलेला असतो तो बराचसा परत येतो. आणि श्रीखंडात किंवा शिऱ्यात तर ताज्या रसापेक्षा हा दाट रसच अधिक सोयीचा पडतो.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी डब्यांचा जो उपयोग करून घेतला आहे त्याकडे आपण आदराने पाहिले पाहिजे. डब्यातील टोमॅटो वेलीवर पिकल्यानंतर भरलेले असतात, म्हणून ऐन हिवाळ्यात फिकट, कडक टोमॅटोंपेक्षा त्यांचे सार अधिक चांगले होते. डब्यातील छोले खाऱ्या पाण्यात असतात. ते पाणी काढून, दाणे धुऊन घेतले आणि गोड्या मसाल्यात, चिंच-गुळात दहा मिनिटे मुरविले की त्यांची उसळ होते. डब्यातील तारल्या तेल निथळून लसूण, तिरफळ आणि आमसुलाच्या दाट वाटणात फक्त गरम कराव्या, शिजवू नयेत, कारण त्या डब्यातच पूर्ण शिजलेल्या असतात; येथेच बहुतेकांचे चुकते. आणि नारळाच्या दुधाचा डबा व आमसुलाचे आगळ घरात असेल तर किनाऱ्यापासून हजारो मैलांवर पाच मिनिटांत सोलकढी होते. डब्याविषयी सावधगिरीची गोष्ट एकच, पण ती निरपवाद पाळावी: फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा चव घेऊन पाहण्याचेही धाडस न करता फेकून द्यावा. बॉट्युलिझमचे विष वासाने ओळखता येईलच असे नाही. त्याच कारणाने मटार, मक्यासारखे आंबट नसलेले पदार्थ घरी नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून बरणीबंद करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी दाबाखाली 121 अंश सेल्सिअसची उष्णता लागते.

डबा आणि पुडा यांत मी भेद करतो, आणि तो करणे मला अत्यावश्यक वाटते. टोमॅटोचा डबा, छोल्यांचा डबा, भाजणीची पिशवी हे जिन्नस आहेत. त्यांच्यापासून काय करावयाचे हा निर्णय रांधणाऱ्याच्या स्वाधीन राहतो. नुसते गरम पाणी ओतून खावयाचा पुडा हा निर्णय त्याच्या हातून काढून घेतो. त्यातील मीठ, तेल, तिखट दुसऱ्या कोणी ठरविलेले असते, आणि वर्षभर तो खाणाऱ्याला स्वयंपाकाचे एक अक्षरही येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच फळीवर दिसतात म्हणून त्यांना एकच समजणे म्हणजे धान्याचे कोठार आणि खानावळ यांत फरक न करणे होय. घरपोच जेवण काही मिनिटांत आणून देणाऱ्या व्यवस्थेवर माझा रोष नाही. आजारी, एकटी, दमलेली माणसे तिच्यावर अवलंबून असतात. परंतु 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा या व्यवस्थेचा भरवसा किती क्षणिक आहे हे सर्वांनी पाहिले, आणि ज्या घरात कुळथाचे पीठ, कडधान्ये व आमसुले होती त्या घरात जेवणाची चिंता तुलनेने कमी होती.

येथे एक आक्षेप मी स्वतःच उपस्थित करतो, कारण तो खरा आहे. वाळवणाचा सारा भार बायकांनी वाहिला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर वाकून पापड लाटणे, कावळ्यांपासून राखणे, अवकाळी पाऊस आला की धावत सारे गोळा करणे, हे कष्ट गोड आठवणींच्या रंगात बुडवून सांगण्याची आपल्याकडे चाल आहे; त्या कष्टांचा मोबदला कोणी दिला नाही आणि त्यांची नोंद कोणत्याही जमाखर्चात नाही. म्हणून घराघरांतून वाळवणे पुन्हा सुरू करा असा उपदेश मी करणार नाही. 1959 मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. या घटनेचे महत्त्व मला असे वाटते की, हेच कष्ट तिथे प्रथमच मोलाने मोजले गेले. आज गावोगावचे बचत गट कुरडया, सांडगे, मेतकूट, भाजणी, येसर करतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत ते विकतात. आणि तेथे पाऊण किलो कुरडयांसाठी घासाघीस करणारे आपणच, हॉटेलात दुपटीने अधिक बिल निमूटपणे चुकते करतो. ज्या मालामागे तीन दिवसांची भिजवण, एक दिवसाचा चीक आणि आठवड्याचे ऊन आहे त्याचा भाव पाडून मागणे मला अन्यायाचे वाटते. मागितलेली किंमत द्यावी, आणि दुसऱ्या वर्षी त्याच गटाकडे जावे.

शासनाकडेही माझी एक मागणी आहे. गृहशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना ठरावीक पाककृती ठरावीक सामग्री देऊन करावयास लावतात. त्याऐवजी परीक्षेच्या दिवशी मुलामुलींना, आणि मुलांना मुलींइतकेच आवर्जून, एक फडताळ उघडून द्यावे: त्यात दोन धान्ये, दोन डाळी, एक पीठ, दाणे, आमसूल, गूळ, सुके खोबरे, मसाला आणि एक डबा असावा, कोणता ते आधी सांगू नये, आणि दीड तासात दोघांना पुरेल एवढे जेवण मागावे. डाळ किती जुनी आहे हे त्यांनी हातात घेऊन ओळखावे, आंबट केव्हा घालावे याचे कारण सांगावे, डब्याची शिवण तपासावी, आणि शेवटी जे शिल्लक राहील ते पुढच्या तुकडीसाठी तारखेची चिठ्ठी लावून, जुने पुढे आणि नवे मागे, फळीवर परत मांडून ठेवावे. या मांडणीलाही गुण असावेत.